डावा आरसा

स्कूटरला दोन आरसे असतात. मागून काय येतंय ते चालवणाऱ्याला दिसावं, असा ते लावण्यामागे कंपनीचा हेतू असतो. मीटरकाकांच्या स्कूटरचा उजवा आरसा हा हेतू इमानेइतबारे पाळायचा. डाव्या आरशात मात्र काकू दिसायच्या.

हे कुणाच्या चटकन लक्षात येत नसे. आरसा जरासा आत आणि जरासा वर वळवलेला असायचा, एवढंच. स्कूटर सर्व्हिसिंगला गेली की गॅरेजवाला तो सरळ करून ठेवायचा, आणि गॅरेजच्या कोपऱ्यावर वळण घेतलं की काका तो बोटाने पुन्हा वाकडा करायचे. याबद्दल दोघांनी एकमेकांना कधी एक शब्द विचारला नाही. डावीकडून कोण येतं आणि कोण पुढे निघून जातं, याची काकांना लग्न झाल्यापासून काही कल्पना नव्हती.

काका आमच्या कार्यालयात वीजमीटर तपासतात. आपलं मीटर जोरात पळतंय असा संशय प्रत्येक माणसाला आयुष्यात एकदा तरी येतो. मग तो तक्रार करतो, मीटर आमच्याकडे येतं, काका ते फळीवर जोडतात, त्याच्याकडे डोळे बारीक करून बघत बसतात आणि बहुतेक वेळा शेवटी लिहितात : तक्रारीत तथ्य आढळले नाही. वर्षानुवर्षं हे वाक्य लिहून माणसाचा स्वभाव जसा व्हायचा तसाच त्यांचा झाला आहे. तरुण मंडळी त्यांना मीटरकाका म्हणतात. माझं टेबल त्यांच्या पलीकडे आहे, त्यामुळे पुढची बरीचशी हकिकत मला त्यांच्याकडूनच कळली, आणि उरलेली काकूंकडून. दोघांच्या सांगण्यात फारसा फरक नव्हता, ही त्यातल्या त्यात काळजीची गोष्ट.

काकू रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासतात. रुग्णालय काकांच्या वाटेवरच पडतं. त्यामुळे रोज सकाळी दोघं एकाच स्कूटरवरून निघायची, आणि संध्याकाळी एकाच स्कूटरवरून परतायची.

यात विशेष काही नाही असं वाटेल. पण त्यांचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत काकांच्या आई. त्यांना मुद्दाम सांगितलेलं ऐकू येत नाही आणि हळू बोललेलं सगळं ऐकू येतं. आतल्या खोलीत मुलगी, समोर पुस्तकं आणि कानात काहीतरी खुपसलेलं. ते चालू आहे की नुसतंच खुपसलंय, हे आईबापांना कळू नये अशीच त्या वस्तूची रचना असते. स्वयंपाकघरात दुसरं माणूस आलं की पहिल्याला बाहेर पडावं लागतं. तेव्हा संसार घरात चालायचा, पण संसाराबद्दलचं बोलणं व्हायचं ते स्कूटरवर.

त्याचे नियमही आपोआप ठरून गेले होते. सिग्नलला गप्प राहायचं, कारण शेजारच्या दुचाकीवरच्या माणसाला ऐकण्याखेरीज काही काम नसतं. किरकोळ गोष्टी, म्हणजे नळाचा वायसर, मुलीची फी, कुणाच्या घरी जायचं राहिलंय, हे गल्ली संपायच्या आत उरकायचं. महत्त्वाचं बोलणं पुलापासून पुढे, बर्फाच्या कारखान्याच्या बाजूला, जिथे रस्ता सरळ आणि रुंद आहे. मुलीला कुठल्या शाळेत घालायचं ते बर्फाच्या कारखान्यासमोर ठरलं. काकांच्या आईंना गावाकडून आणायचं ते पुलावर ठरलं. भांडणं रुग्णालयाच्या आधीच्या चढावर व्हायची, कारण तिथे इंजिनच इतकं ओरडायचं की माणसांनी ओरडलेलं वाईट दिसत नसे. चढ संपला की रुग्णालयाचं फाटक. काकू उतरायच्या, "बरं, येते" म्हणायच्या, आणि भांडण तिथेच संपायचं. संपवल्यावाचून इलाजच नव्हता.

काका समोर बघून बोलायचे, काकू त्यांच्या कानामागून. निम्म्या गोष्टी वारा घेऊन जायचा. लग्न टिकवण्याची याहून चांगली सोय माझ्या तरी वाचनात नाही.

एक विषय तेवढा कायमचा अनिर्णित होता.

"अहो, मागे काहीतरी खडखडतंय."

"कुठे?"

"मागे. माझ्या खाली."

"काही नाही. रस्ता खराब आहे."

रस्ता नवा झाला तेव्हाही रस्ता खराबच होता. पुढे बसणाऱ्याला तो आवाज ऐकू येत नसे, आणि जो आवाज आपल्याला येत नाही तो नाही, हे काकांच्या व्यवसायाचं मूलतत्त्व. तक्रारीत तथ्य आढळले नाही.

मग साथ आली.

मीटर तपासणं ही अत्यावश्यक सेवा नाही, असं आमच्या वरिष्ठांना अचानक कळलं. वीज अत्यावश्यक, ती किती जळली याची कुणाला घाई नव्हती. आम्ही सगळे घरी बसलो. रक्त तपासणं मात्र फारच अत्यावश्यक निघालं. काकूंना पास मिळाला, काकांना मिळाला नाही. त्यात दुचाकीवर एकच माणूस, असा हुकूम निघाला. काकूंना स्कूटर चालवता येत नव्हती. लग्नानंतर लगेच त्यांनी शिकायचं काढलं होतं, तेव्हा काका म्हणाले होते, "कशाला? मी आहे ना." आता ते होते, पण घरात होते.

जिन्याखाली मुलीची शाळेच्या दिवसांतली सायकल पडली होती. पुढे टोपली, घंटी मोडलेली. काकांनी स्वतः ती पुसली, चेनला तेल घातलं, सीट उंच केली, पंप मारून टायर टणक केले. पुढे जो काही जळफळाट झाला त्यात हवा भरण्याचं काम असं त्यांनीच केलं होतं.

ओस पडलेल्या रस्त्यावरून काकू हँडल घट्ट धरून, परीक्षेला निघाल्यासारख्या जायच्या, आणि काका गॅलरीत उभे राहून त्या दिसेनाशा होईपर्यंत बघायचे. त्या दिवसांत त्यांना फक्त भीती वाटत होती. मत्सर नावाची चीज तशी समजूतदार असते. माणूस भीतीत असताना ती मध्ये पडत नाही. सगळं निवळलं, जिवावरचं टळलं, की सावकाश पाहुण्यासारखी येते आणि मग जाता जात नाही.

निवळलं एकदाचं. कार्यालयं उघडली. काकांनी आदल्या दिवशी स्कूटर धुतली, मागची सीट कपड्याने दोनदा पुसली, डावा आरसा बोटाने जागेवर आणला. सकाळी खाली जाऊन स्कूटर सुरू केली आणि वाट बघत राहिले. काकू खाली आल्या त्या सायकलचं हँडल धरून. जिन्याखालची नव्हे. नवी, हिरवी, गिअरची. आदल्या महिन्यात घेतलेली. काकांना वाटलं होतं की ती मुलीसाठी आहे.

"हे काय?"

"काय?"

"बस ना मागे."

"अहो, तुम्ही व्हा पुढे. मी येते हळूहळू."

"अगं, पण आता दोघांना चालतं. हुकूम उठला."

"हुकूम उठला म्हणून सायकल मोडीत काढू का?" काकू म्हणाल्या. "आणि आम्ही सगळे एकत्रच जातो. पुलापाशी थांबले असतील ते."

'आम्ही' आणि 'ते' या दोन शब्दांवर काका दिवसभर विचार करत होते. 'आम्ही'मध्ये आपण नाही आणि 'ते' कोण हे माहीत नाही, अशी त्यांची अडचण होती.

त्या दिवसापासून काकांच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली : काकूंना पुन्हा मागच्या सीटवर आणायचं. बाकी जग साथीच्या आधी होतं तसं नाही झालं तरी त्यांची हरकत नव्हती.

जग होत नव्हतंच. आमच्याच कार्यालयात बघा. साथीआधी आम्ही सगळे एकाच बसने किंवा बसच्या मागे-पुढे येणारी माणसं. आता हिशेबनीस बाई आठवड्यातून तीन दिवस घरूनच काम करतात आणि पडद्यावरच्या चौकोनातून आमच्या चहाकडे बघतात. भांडारपाल दुसऱ्याचा खोकला ऐकू नये म्हणून गाडी घेऊन एकटा येतो, आणि गाडी लावायला जागा मिळेपर्यंत त्याचा स्वतःचाच खोकला सुरू होतो. एक जण चालत येतो आणि आल्यावर आपण चालत आलो हे जेवणाच्या सुट्टीपर्यंत सांगतो. बस अजून येते. पण तिच्यात आता बसायला जागा असते, आणि जागा असलेल्या बसमध्ये बसायला माणसाला उगीचच अपराधी वाटतं. नगरपालिकेने रस्त्याच्या कडेला हिरवा पट्टा रंगवला आहे. त्यावर सायकलींनी जावं अशी कल्पना आहे. तिथे मोटारी उभ्या असतात, पण त्यांच्यामधून सायकली जातात.

काकांना या बदलांचं काही वाटत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत खुपत होती ती हिरवी सायकल.

तिचा मुक्काम गॅलरीत, पाऊस लागू नये म्हणून जुन्या चादरीखाली. स्कूटर वीस वर्षं रस्त्यावर, उन्हात. रविवारी काकू सायकलच्या शेजारी पाट घेऊन बसायच्या आणि चेनच्या एकेका कडीवर तेलाचा थेंब सोडायच्या.

"माझा गुडघा केव्हापासून दुखतोय," काका दारातून म्हणाले. "त्याला कधी तेल लावलं नाहीस."

"तुमच्या गुडघ्याला चेन नाही."

"असती तर लावलं असतंस?"

"असती तर तुम्हीही वेळेवर निघाला असता."

बाहेरच्या खोलीतून आई हसल्या. त्यांना हे ऐकू आलं होतं.

घरी बोलायचा प्रयत्नही काकांनी करून पाहिला. जेवताना समोरासमोर बसून त्यांनी विचारलं, "मग, काय चाललंय?" काकूंनी वर बघितलं. काकांना इतक्या वर्षांत त्या चेहऱ्याला सरळ उत्तर द्यायची सवय राहिली नव्हती. आरशात तो लहान, थोडा थरथरता आणि केस उडालेला दिसायचा. समोरचा चेहरा मोठा होता आणि हलत नव्हता. "काही नाही," काकू म्हणाल्या. "चाललंय तिचं उत्तम," आई बाहेरच्या खोलीतून म्हणाल्या. मुलीने कानातलं काढून विचारलं, "काय झालं?" चर्चा तिथेच आटोपली.

मग काकांनी मला लिफ्ट द्यायला सुरुवात केली. मला बसने जायचं होतं, पण त्यांच्या आवाजात विनंतीपेक्षा गरज जास्त होती. मी मागे बसलो. बर्फाच्या कारखान्याशी आल्यावर डाव्या आरशात मला माझीच मिशी दिसली, आणि आरशातून काकांचे डोळे तिच्याकडे मोठ्या निराशेने बघत होते.

"बोला ना," काका म्हणाले.

"काय बोलू?"

"काहीही. मागे बसणाऱ्याने बोलायचं असतं."

मी भत्त्याच्या थकबाकीचा विषय काढला. काकांनी चढापर्यंत सहन केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला लिफ्ट दिली नाही.

या सगळ्यात चष्म्याचं निमित्त झालं. काकांना मीटरवरचे आकडे पुसट दिसायला लागले होते. "पुलापलीकडच्या चष्मेवाल्याकडे जा," काकू म्हणाल्या, "ओळखीचे आहेत." काका गेले. चष्मेवाला पन्नाशीचा, डोक्यावर केस नाहीत, अंगात मांस नाही. काकांना तो प्रथमदर्शनी आवडला. मग तो टेबलामागून बाहेर आला तेव्हा त्याच्या पँटच्या उजव्या पायाला घोट्याशी चिमटा लावलेला दिसला. चेनमध्ये कापड अडकू नये म्हणून सायकलवाले लावतात तसला. काकूंकडेही होता.

चष्मेवाल्याने काकांच्या नाकावर लोखंडी चौकट बसवली आणि त्यात काचा टाकायला सुरुवात केली.

"खालची ओळ वाचा."

"नाही दिसत."

"आता?"

"आता दिसते."

"आणि दाढ कशी आहे?"

काकांना वाटलं, हाही तपासणीचा भाग असेल. "कुठली दाढ?"

"खालची. उजवीकडची. काढायची म्हटलं की तुम्ही विषय बदलता म्हणे."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काकूंनी. चढावर." चष्मेवाला दुसरी काच शोधत सहज म्हणाला. "आम्ही सगळेच उतरतो ना तिथे. कुणाचे गुडघे, कुणाचा दम. हातात सायकल धरून चालायचं म्हणजे गप्पा होतात. चांगली करमणूक करतात हो काकू. तुमची ती आरशाची गोष्ट सांगितली तेव्हा तर मला हँडल सोडून पोट धरावं लागलं."

काकांनी जिभेने दाढ चाचपली.

"आणि त्या प्रयोगशाळेच्या जागेचं हो म्हणणार ना पण?" चष्मेवाल्याने विचारलं.

"कुठल्या जागेचं?"

चष्मेवाल्याचा हात हवेत थांबला. तो मुळात सज्जन माणूस. त्याने घाईघाईने काच बदलली. "आता सांगा. हे जास्त स्पष्ट, की आधीचं?"

"आधीचं बरं होतं," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी येऊन बसले. तळपायाची आग मस्तकात गेलेला माणूस इतक्या शांतपणे स्टूल ओढतो हे मी प्रथमच पाहिलं.

"माझी दाढ आहे," ते म्हणाले. "माझ्या तोंडातली."

"बरोबर."

"त्याने का विचारावी?"

मी म्हटलं, त्यात वाईट काय, बायको आपल्याबद्दलच बोलते आहे, परक्याबद्दल नाही. यावर काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मीटर असतो तर थांबलो असतो.

"माझ्याबद्दल बोलायचं तर माझ्याशी बोलावं," ते म्हणाले. "आणि ती जागा कसली, ते मला एक टकलू माणूस विचारतो. मला! लग्न माझ्याशी झालंय की चढाशी?" मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "उद्या तुमचं हेल्मेट द्याल का? माझं ती ओळखते."

मी दिलं. माझं लाल आहे, त्यांचं करडं. कुणी ओळखू नये म्हणून हेल्मेट बदलायचं आणि स्कूटर तीच न्यायची, ही योजना मला थोडी अपुरी वाटली. काकांच्या दृष्टीने तिच्यात काहीच खोट नव्हती. माणूस हेल्मेटवरून ओळखतात. स्कूटरवरून ओळखण्यासारखं तिच्यात काय होतं? ती आवाजही करत नव्हती.

सकाळी काकू निघाल्यावर थोडं अंतर राखून काका निघाले. सायकलच्या वेगाने स्कूटर चालवणं हे काम किती कठीण आहे ते चालवल्याशिवाय कळत नाही. पहिल्या गिअरमध्ये ती पुढे उडी मारते, ब्रेक लावला की आडवी व्हायला बघते. दोनदा त्यांनी पाय टेकला. एकदा मागच्या रिक्षावाल्याने विचारलं, "काका, शिकताय का?" हिरव्या पट्ट्यावरून एक शाळकरी मुलगी त्यांना मागे टाकून गेली, आणि जाताना तिने घंटी वाजवली.

पुलापाशी मंडळी थांबलेली होतीच. रुग्णालयातल्या दोन परिचारिका, एक फिजिओथेरपिस्ट, आणि तो. सगळे निघाले. काकू मध्ये होत्या आणि बोलत होत्या. काय ते ऐकू येत नव्हतं, पण बोलताना एक हात हँडलवरून सुटत होता. परीक्षेला निघालेली ती बाई कुठे गेली होती कोण जाणे. बर्फाच्या कारखान्यासमोर सगळे एकदम हसले. ती त्यांची जागा होती. तिथे मुलीची शाळा ठरली होती. तिथे चारचौघांनी हसायचं काय कारण?

चढ लागला तसे सगळे उतरले आणि सायकली हातात धरून चालू लागले. चष्मेवाल्याचं दुकान चढाच्या सुरुवातीला उजव्या हाताला. तरी तो थोडा पुढे चालत गेला, बोलणं पुरं करून मग परतला. काकांनी ही गोष्ट मनात नोंदवून ठेवली. परिचारिका भराभर पुढे गेल्या. काकू मागे राहिल्या, रेंगाळल्या, आणि मान न वळवता म्हणाल्या,

"अहो, पहिल्यात किती वेळ ओढणार? क्लच जळेल."

काकांनी इकडेतिकडे बघितलं. रस्त्यावर दुसरे 'अहो' कुणी नव्हते.

"तुला कसं कळलं?" ते शेजारी येऊन म्हणाले.

"घराच्या कोपऱ्यापासून खडखडताय तुम्ही," काकू म्हणाल्या. "झोपेतसुद्धा ओळखेन मी तो आवाज. आणि हे काय घातलंय डोक्यावर? टोमॅटो दिसताय."

काका काहीतरी बोलले, पण इंजिन ओरडत होतं आणि काकू चालत होत्या. त्या पुढे जायच्या, हे उडी मारून पुढे जायचे, मग हे थांबायचे. असं संभाषण होत नाही. शेवटी त्यांनी किल्ली फिरवली, उतरले आणि स्कूटर ढकलू लागले.

एकदम शांत झालं. एका बाजूला सायकल, दुसऱ्या बाजूला स्कूटर, आणि मधून ही दोघं. रस्त्यात एक छोटा खड्डा आला. मागे काहीतरी खडखडलं.

काका थांबले. त्यांनी स्कूटर मागे घेतली आणि पुन्हा खड्ड्यातून काढली. पुन्हा खडखडलं. नंबर प्लेटचा एक स्क्रू नव्हता.

"वाजतंय," ते म्हणाले.

"हो का?" काकू म्हणाल्या. "रस्ता खराब असेल."

दोघं पुन्हा चालू लागली. काकांना दम लागला होता. बोलायचं ते त्यांनी बरंच घोकून आणलं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच :

"माझी दाढ त्याला कशाला सांगितलीस?"

"मग कुणाला सांगू? तुम्हाला सांगितली की तुम्ही म्हणता, दुखत नाही."

"आणि आरसा? तुला ठाऊक होतं?"

"न कळायला काय झालं? केस नीट आहेत का ते मी त्यातच बघायचे. मला आधी वाटलं, तुम्ही माझ्या सोयीसाठी वळवलाय. म्हटलं, माणूस बोलत नाही पण काळजी घेतो. मग एकदा डावीकडून ट्रक आला आणि तुम्हाला दिसलाच नाही. तेव्हा कळलं."

"तेव्हा का नाही बोललीस?"

काकूंनी सायकल या हातातून त्या हातात घेतली. "बघत होतात ना," त्या म्हणाल्या. "बघू दे म्हटलं."

चढ अर्ध्यावर आला होता, आणि खरं विचारायचं ते अजून राहिलंच होतं. ते शेवटी त्यांनी स्कूटरच्या हँडलकडे बघून विचारलं. समोर बघून बोलण्याची सवय अशी सुटत नाही.

"जागा कसली म्हणे?"

"प्रयोगशाळेची प्रमुख करतायत मला. जबाबदारी वाढेल, यायला उशीर होईल. पुढच्या आठवड्यात सांगायचंय, हो की नाही."

"मला नाही सांगितलंस."

"कुठे सांगू? घरात सांगितलं तर आई आधी उत्तर देतात. चार वेळा तोंड उघडलं मी, चारही वेळा तुम्ही सायकलला नावं ठेवत होतात."

"त्याला सांगितलंस."

"त्यांना सांगितलं," काकू म्हणाल्या. "विचारायचं तुम्हाला होतं."

मागून येणारा एक मोटारसायकलवाला त्यांच्याशी येऊन हळू झाला. "पेट्रोल संपलं का, काका?"

"नाही," काका म्हणाले.

"मग बंद पडली का?"

"नाही. चालू आहे."

मोटारसायकलवाल्याने काकूंकडे सहानुभूतीने बघितलं आणि तो निघून गेला. काकू हसल्या. कारखान्यासमोर हसल्या होत्या त्यापेक्षा कमी, असं काकांना वाटलं. पण जवळून होतं.

"हो म्हण," काका म्हणाले. "आईचं संध्याकाळचं मी बघतो. आणि तसंही, तिथे दुसरं कोण आहे? त्या नवीन मुलीला सुई कुठली धरायची ते कळत नाही, तूच सांगत होतीस."

"ते साथीच्या आधी सांगत होते. ती मुलगी आता लग्न होऊन गेलीसुद्धा."

"बघ," काका म्हणाले. "कुणी सांगितलंच नाही मला."

फाटक दिसायला लागलं. काकांनी घाम पुसला, जरा घसा खाकरला आणि ज्यासाठी हा सारा खटाटोप केला होता ते विचारून टाकलं. "मग उद्यापासून मागे बसशील?"

"नाही."

"अगं, स्क्रू लावून घेतो की."

"स्क्रूचा प्रश्न नाही हो." काकू थांबल्या. "इतकी वर्षं मागे बसले. समोर काय असायचं माहितीये? तुमचं हेल्मेट. स्पीडब्रेकर आला की कमरेला कळायचं. वळण आलं की तुम्ही झुकलात म्हणजे आलं. या रस्त्याला समोरून बघितलं ते मी साथीत, पहिल्यांदा. एवढं मोठं झाड आहे फाटकापाशी, मला माहीतच नव्हतं. मला आता समोरचं दिसायला पाहिजे."

काकांनी झाडाकडे बघितलं. त्यांना ते माहीत होतं. त्यांनी ते कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काय होतं त्यात, झाड होतं.

"बरं, येते," काकू म्हणाल्या.

त्या दिवशी काका कार्यालयात उशिरा आले, शर्ट पाठीला चिकटलेला. माझं हेल्मेट त्यांनी टेबलावर ठेवलं आणि एक मीटर फळीवर जोडलं. तक्रार अशी होती की मीटरमधून आवाज येतो. एरवी त्यांनी लांबूनच एक नजर टाकली असती. त्या दिवशी ते खुर्ची ओढून, कान लावून बराच वेळ बसले.

आता रोज सकाळी काका काकूंच्या नंतर निघतात आणि चढाच्या पायथ्याशी त्यांना गाठतात. तिथे इंजिन बंद करून स्कूटर ढकलतात. काकूंनी जागेला हो म्हटलं, तेही तिथेच पक्कं झालं. त्या रस्त्याने जाणारे नेहमीचे लोक आता पेट्रोलचं विचारत नाहीत. त्यांना वाटतं, स्कूटर जुनी आहे आणि माणूस तत्त्वाचा. "तुम्हीही एक सायकल घ्या ना," असं मी एकदा सुचवलं. काका म्हणाले, सायकल घेतली तर 'आम्ही'मध्ये जावं लागेल, आणि तिथे तो आहे.

तो अजूनही आहेच. दुकान चढाच्या सुरुवातीला असूनही अजून थोडा पुढे चालत येतोच, बोलणं पुरं करायला. आणि माणूस मुळात सज्जन असल्यामुळे, आपली सायकल दुकानासमोर लावून काकांच्या स्कूटरला मागून हात लावतो. "ढकला साहेब, मी आहे ना," म्हणतो. काकांना मदत नको असते, पण गुडघ्याला हवी असते.

स्क्रू काकांनी त्याच दिवशी लावून घेतला. डावा आरसा गॅरेजवाल्याने नेहमीप्रमाणे सरळ केला होता, आणि या वेळी तो तसाच राहील असं मला वाटलं होतं. मागच्या सीटवर आता कुणीच बसत नाही. पण परवा पाहिलं तर तो पुन्हा वाकडा होता. या वेळी बाहेरच्या बाजूला आणि बराच वर, शेजारी उभं राहून ढकलणाऱ्या माणसाला मागचं दिसेल असा.

मी वाकून बघितलं. त्यात रिकामा रस्ता दिसत होता.

"आता नाही दिसायचा," काका म्हणाले. "सकाळी असतो तो त्यात. हसायला लागला की मला लगेच कळतं."